सासऱ्याचे नाव न घेतल्यामुळे रद्द झालेल्या शस्त्रक्रियेबाबत

प्रति,
मा. प्रमुख अधिकारी,
नियोजित शस्त्रक्रिया प्रतीक्षायादी कक्ष,
दुसरा मजला, खोली क्र. २१४, बिश्केक.

अर्जदार : ओमुरझाक तेमिरकानोव, वय ६१, घाटरस्त्यावरील बर्फ हटवण्याच्या यंत्राचा चालक, मु. कारा-बुलुन, नारिन प्रांत.

विषय : अर्जदाराची पत्नी जिपार तेमिरकानोवा, वय ५८, हिच्या नावापुढील ‘रुग्णाने नकार दिला’ हा खोटा शेरा खोडून तिची स्वादुपिंडाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया १३ मार्चच्या आत करण्याबाबत.

संदर्भ : १) आपल्या कक्षातून दि. ६ फेब्रुवारी रोजी आलेला फोन, कालावधी एक मिनिट बावन्न सेकंद.
२) खिडकी क्र. ३ वर दि. १९, २० व २२ फेब्रुवारी रोजी मिळालेली तोंडी उत्तरे.

महोदय,

अर्जदार आपल्या खिडकीवर तीनदा येऊन गेला. तिन्ही वेळा ‘तक्रार लेखी द्या’ असे सांगण्यात आले, म्हणून हे लेखी. अर्ज लांबला आहे, तरी पूर्ण वाचावा. अर्जदाराच्या पत्नीकडे आजपासून सोळा दिवस आहेत आणि हा कागद वाचायला पंधरा मिनिटे लागतात.

१. गेल्या सप्टेंबरात जिपारचे डोळे पिवळे झाले. लघवी कडक चहाच्या रंगाची. अंगाला खाज अशी की ती दाराच्या चौकटीला पाठ घासत उभी राही. तालुक्याच्या दवाखान्याने साधी कावीळ समजून तीन आठवडे सलाईन लावली. "चरबी बंद करा, उतरेल," असे तिथले डॉक्टर सांगत. शेजारणी सांगत, "पिवळ्या मण्यांची माळ घाल." जिपारने चरबी सोडली आणि माळही घातली. उतरले काहीच नाही. शेवटी राजधानीत आणले तेव्हा स्वादुपिंडाच्या डोक्याशी सव्वातीन सेंटिमीटरची गाठ निघाली. तीच पित्ताची वाट दाबून बसली होती.

२. शल्यविशारद डॉ. तोल्कुन यांनी कागदावर चित्र काढून समजावले. गाठ शेजारच्या मोठ्या शिरेला बिलगली होती. त्या म्हणाल्या, "आज पोट उघडलं तर गाठ पूर्ण निघणार नाही. थोडी शिरेवर राहील, आणि थोडी राहिली म्हणजे सगळी राहिली. आधी केमो देऊ. गाठ आक्रसली, शिरेवरून सुटली, की मग कापू."

अर्जदाराने विचारले, "म्हणजे चार महिने हा आजार पोटात सांभाळायचा?"

"सांभाळायचा नाही. उपाशी मारायचा."

अर्जदाराला हे पटले. घाटात रस्त्यावर आलेला बर्फाचा ढीग अर्जदारही समोरून एकदम ढकलत नाही. आधी बाजूने पोखरतो, मग यंत्र लावतो. घाईने ढकलणारे दोघे दरीत गेलेले अर्जदाराने पाहिले आहेत.

३. पित्तासाठी आत नळी बसवली. पिवळेपणा ओसरला. ९ ऑक्टोबरपासून एक सोमवार सोडून एक सोमवार केमो सुरू झाला. एकूण आठ वेळा. प्रत्येक वेळी घाट ओलांडून सहा तास, आणि मग शेहेचाळीस तास छातीतल्या नळीतून थेंब थेंब औषध. आपण हे कधी पाहिले नसल्यास अर्जदार थोडक्यात सांगतो. त्यातल्या एका औषधाचा गुण असा की थंड वस्तूला हात लागला की विजेचा झटका बसावा तसे होते. आमच्याकडे जानेवारीत उणे तीस असते. दाराची कडी थंड, बादली थंड, श्वासातली हवा थंड. साधे पाणी प्यायली तरी तिचा घसा आवळायचा. गाईची धार ती लोकरी हातमोजे घालून काढायची आणि गाय लाथ मारायची. जिपार म्हणायची, "हिला वाटतं परकी बाई आलीय. बरोबरच आहे, आरशात मलाही तसंच वाटतं." एकाहत्तर किलोंची चोपन्न झाली. तोंडात फोड. सहाव्या वेळेला ती बस थांब्यावर खाली बसली आणि म्हणाली, "अहो, पुरे झालं. मेंढीसारखं एकदाच कापा मला."

अर्जदार म्हणाला, "तेच तर करायचंय. अजून दोनदा दम धर."

त्यावर ती हसली. हसता हसता ओकली, आणि तोंड पुसून बसमध्ये चढली. नकार देणारी बाई ती ही.

पाचव्या वेळेनंतर तिच्या बोटांची टोके बधिर झाली. बटण लागेना, सुई धरवेना, फोन कानाशी धरला की हातातून सुटायचा. ही गोष्ट अधिकारी महोदयांनी लक्षात ठेवावी.

४. शेवटचा केमो १७ जानेवारीला संपला. २९ जानेवारीच्या सीटी स्कॅनमध्ये गाठ दीड सेंटिमीटर उरली होती आणि शीर मोकळी झाली होती. डॉ. तोल्कुन खुर्चीतून उठल्या आणि म्हणाल्या, "जिपार-ताई, माझं अर्धं काम तुम्हीच केलंत." २० फेब्रुवारी ही तारीख ठरली. केमोनंतर चार आठवडे अंग सावरायला द्यायचे आणि आठ आठवड्यांच्या पुढे जायचे नाही, कारण मग गाठ पुन्हा डोके वर काढते, असे त्यांनी दोनदा बजावले. हे आठ आठवडे १३ मार्चला संपतात. "यादीच्या कक्षातून खात्रीचा फोन येईल, तेवढा घ्या," असेही म्हणाल्या.

५. तो फोन ६ फेब्रुवारीला आला. अर्जदार घाटात यंत्रावर होता. घरात चहा चालला होता. जेवणाच्या चादरीच्या या टोकाला जिपार आणि त्या टोकाला अर्जदाराचे वडील, वय ८६. हात बधिर, म्हणून फोन चादरीवर ठेवून मोठ्या आवाजात लावलेला. पुढचे बोलणे अर्जदाराने आपल्याच खिडकीवर, आपल्याच यंत्रातून ऐकले आहे, म्हणून ते जसेच्या तसे देत आहे.

आपल्या कक्षातली मुलगी म्हणाली, "ओळखीसाठी आपलं पूर्ण नाव, आडनावासह, स्पष्ट उच्चारा."

"मी जिपार."

"आडनाव?"

"आडनाव... घरातल्या मोठ्यांवरून आहे ते."

"उच्चारा."

"बाई, ते समोर बसलेत माझ्या. चहा पितायत."

"आडनाव उच्चारल्याशिवाय पुढे जाता येत नाही."

"तुमच्याकडे लिहिलेलं असेल की. ते वाचा, मी हो म्हणते."

"आपण सांगायला नकार देता का?"

"नाही घेता येत हो मला. सदतीस वर्षं नाही घेतलं."

"नकार नोंदवला. धन्यवाद."

महोदय, आपणही याच मातीतले आहात, म्हणून अर्जदार फार समजावत नाही. आमचे आडनाव वडिलांच्या नावावरून आहे आणि सून सासऱ्याचे नाव तोंडाने घेत नाही. आमच्या बोलीत लोखंडालाही तेमिर म्हणतात, म्हणून जिपार लोखंडालासुद्धा ‘काळं’ म्हणते. दवाखान्यात रक्तवाढीच्या गोळ्या मागताना ‘काळ्याच्या गोळ्या’ म्हणाली आणि नर्सने कोळशाच्या दिल्या. आजवर कुठेही नाव विचारले की ती पासपोर्ट पुढे करायची. फोनला पासपोर्ट दाखवता येत नाही.

ती समजली की नाव सांगायला नकार नोंदवला, बाकी सगळे ठरल्याप्रमाणे आहे. वडिलांनी विचारले, "कोण होतं गं?" ती म्हणाली, "दवाखान्यातून. विचारपूस करत होते." आणि त्यांचा चहा पुन्हा भरला.

६. १९ फेब्रुवारीला आम्ही चपला, गाऊन, टॉवेल घेऊन रुग्णालयात हजर झालो. दाखल करून घेणाऱ्या बाईने यादी वरून खाली आणि खालून वर पाहिली आणि म्हणाली, "यांनी नकार दिलाय. जागा दुसऱ्याला गेली." जिपारने अर्जदाराकडे असे पाहिले, जणू अर्जदारानेच तिच्या नावाने नकार दिला. डॉ. तोल्कुन खाली धावत आल्या, आपल्या कक्षाशी फोनवर भांडल्या, आणि हरल्या.

७. त्यानंतर खिडकी क्र. ३. पहिल्या दिवशी उत्तर मिळाले, "नकार रुग्णाच्या आवाजात आहे, तो कागदाने मागे घेता येत नाही. आवाजानेच घ्यावा लागेल." अर्जदार म्हणाला, "ती बाहेर बाकावर बसलीय, आत आणतो, आवाज ऐका." उत्तर : "प्रत्यक्ष आवाज चालत नाही. फोनवरचा लागतो." दुसऱ्या दिवशी खिडकीतल्या बाईने ध्वनिमुद्रण ऐकवले आणि हळूच म्हणाली, "माझी आजीही असंच करायची हो." अर्जदाराला वाटले काम झाले. ती पुढे म्हणाली, "पण आजीचं ऑपरेशन नव्हतं." तिसऱ्या दिवशी नकार मागे घेण्याचा फॉर्म मिळाला. तो भरून दिल्यावर दहा कामकाजाच्या दिवसांत केव्हाही, नऊ ते पाच, कक्षातून फोन येणार. आणि सोबत, अशी प्रथा खरोखर आहे असा गावसमितीचा दाखला हवा.

अर्जदाराने विचारले, "आपल्या देशात सून सासऱ्याचं नाव घेत नाही याचा दाखला? उद्या हिवाळ्यात बर्फ पडतो याचाही मागाल."

बाई म्हणाली, "मागितला तर आणावा लागेल."

८. फॉर्म तिथेच भरून दिला आणि दाखला त्याच दुपारी गावाहून फोनवर मागवला. गावसमितीच्या सचिव नारबुबु यांनी तो टाईप करून, शिक्का मारून, त्याचा फोटो पाठवला. आपल्या कक्षाने पडताळणीसाठी त्याच दिवशी त्यांना फोन केला, ही कार्यतत्परता नमूद करण्याजोगी आहे. कुणाच्या नावाबद्दल दाखला दिलात ते नाव सांगा, असे विचारले. नारबुबु ही अर्जदाराच्या चुलतभावाची बायको. म्हणजे तीही त्याच घराण्याची सून. ती म्हणाली, "मी टाईप केलंय ना? मग पुरे. तोंडाने नाही घेणार, ते माझे मोठे सासरे आहेत." दाखल्यावर आपल्या कक्षाचा शेरा : ‘दाखला देणाऱ्याने माहिती देण्यास नकार दिला.’ गावातल्या किती बायका अशा रीतीने आपल्या यादीत नकार देत्या झाल्या म्हणजे कक्षाचे समाधान होईल, हे कळवावे.

९. आता अर्जदाराच्या वडिलांविषयी. हे लिहिताना अर्जदाराचा राग जातो आणि दुसरेच काही येते. त्यांना काही सांगायचे नाही असे ठरले होते, पण नारबुबु घरी येऊन रडली आणि फुटले. ते म्हणाले, "माझ्या नावापायी?" त्यांनी टोपी घातली, जिपारसमोर जाऊन उभे राहिले.

"पोरी, घे माझं नाव. मी सांगतोय ना. शिवी जोडून घे हवं तर."

जिपारने तोंड उघडले. ओठ हलले. "होत नाही, बाबा," एवढेच आले.

"ठीक आहे. मग मी इथे नसतो."

२३ तारखेपासून हा शहाऐंशी वर्षांचा माणूस रोज सकाळी नऊला घराबाहेर पडतो आणि पाचला परत येतो. आपला फोन येईल तेव्हा आपण घरात असू नये म्हणून. शेजारी झामानकुलकडे बसतो, तिथे पाहुणे आले की गोठ्यात बसतो. २३ तारखेला सुट्टी होती हे त्यांना सांगितले होते. "सरकारचा काय भरवसा," म्हणाले. शनिवार-रविवारीही गेले. जिपार दुपारचे जेवण घेऊन गोठ्यात जाते, वाडगा ठेवते, पळत परत येते. फोन वाजला तर, म्हणून. महोदय, या घरात आजवर कुणी वडिलांना दार दाखवले नव्हते. ते आपल्या कक्षाने दाखवले.

१०. तरी अर्जदाराची मागणी एवढीच :
अ) ‘रुग्णाने नकार दिला’ हा शेरा आजच्या आज खोडावा. तिने चार महिन्यांत आठ वेळा होकार दिला आहे. प्रत्येक होकाराची तारीख रुग्णालयात आहे.
आ) १३ मार्चच्या आत तिला शस्त्रक्रियेची तारीख द्यावी. पुढची जागा १६ एप्रिलला आहे असे खिडकीवर सांगितले गेले. त्या तारखेला तेरा आठवडे होतात. केमोने मोकळी केलेली शीर तितके दिवस कुणाची वाट पाहत नसते.
इ) फोनवर नाव न घेणाऱ्या बायकांसाठी काही सोय करावी. ही मागणी मान्य न झाल्यास चालेल. पहिल्या दोन न झाल्यास चालणार नाही.

आपला, नम्र राहण्याचा प्रयत्न करणारा,
ओमुरझाक तेमिरकानोव
सोमवार, दि. २६ फेब्रुवारी

सोबत : १) दि. २९ जानेवारीचा सीटी अहवाल. २) आठ केमोंची नोंदवही, प्रत. ३) गावसमितीचा दाखला, आपल्या शेऱ्यासह. ४) पत्नीच्या पासपोर्टची प्रत. आडनाव त्यात छापील आहे.

पुरवणी, सोमवार, दि. ४ मार्च

वरील अर्ज लिहिला त्याच दुपारी घाटात कडा कोसळला. रस्ता तीन दिवस बंद होता आणि तो उघडायला अर्जदारच होता, त्यामुळे अर्ज खिशातच राहिला. १ मार्चला आम्ही राजधानीत आलो, कारण जुना सीटी एक महिन्याहून जुना झाल्याने आपल्याकडे चालत नाही. खिडकीवर ‘कर्मचारी प्रशिक्षणानिमित्त बंद’ अशी पाटी होती. म्हणून अर्ज पुन्हा खिशात. विषयाची ओळ अर्जदाराने बदललेली नाही. काय बदलायचे ते आपण खाली वाचून ठरवावे.

सीटी झाल्यावर डॉ. तोल्कुन यांनी अर्जदाराला एकट्याला आत बोलावले. जिपार बाहेर बाकावर एका नव्या रुग्ण बाईला सांगत होती, "हातमोजे लोकरीचे घे, कातडी नको. आणि पहिले दोन दिवस चमचासुद्धा लाकडी." दार अर्धवट उघडे होते, तिचा आवाज आत येत होता.

यकृतावर दोन ठिपके आहेत. २९ जानेवारीला नव्हते. डॉ. तोल्कुन म्हणाल्या, "आता पोट उघडण्यात अर्थ नाही, ओमुरझाक-भाऊ. पुन्हा औषधं देऊ. पण कापता येणार नाही."

अर्जदाराने विचारले, "वीस तारखेला झालं असतं तर?"

त्या म्हणाल्या, "खोटं नाही सांगत. तेव्हाही ते आत असू शकले असते, दिसण्याइतके मोठे नसतील फक्त. किंवा नसतीलही. हे आता कुणालाच सांगता येणार नाही."

महोदय, आपल्या कक्षाने अर्जदाराच्या बायकोला मारले असे अर्जदार लिहू शकत नाही. लिहिता आले असते तर बरे झाले असते, रागाला धरायला काही मिळाले असते. आपण फक्त एवढे केलेत की आता ते कधीच कळणार नाही. अर्जदाराला उरलेल्या आयुष्याला तेवढे पुरेल.

ती बाहेर उभी राहून विचारत होती, "काय म्हणाल्या?" अर्जदार म्हणाला, "अहवाल सोमवारी." अर्जदार घाटात चाळीस वर्षे काढलेला माणूस आहे, समोर दिसेल ते तोंडावर सांगणारा. त्या दिवशी त्याला ते जमले नाही.

आज सोमवार. वडिलांना गोठ्यातल्या थंडीने खोकला धरला होता, म्हणून आज बाहेर जाऊ दिले नाही. ते भिंतीशी रजई घेऊन पडले होते. दुपारी सव्वातीनला आपला फोन आला. फॉर्म दिल्यापासून मोजून पाहिले, दहा दिवसांच्या आतच आहे. आपल्या कक्षाने मुदत पाळली.

जिपारने फोन चादरीवर ठेवला. तिकडून विचारले, "पूर्ण नाव, आडनावासह, स्पष्ट उच्चारा." तिने वडिलांकडे पाहिले. त्यांनी रजई डोक्यावरून ओढून घेतली आणि आतून दोन्ही हात कानांवर ठेवले, कोपरे दिसत होती. आणि तिने घेतले. तेमिरकानोवा. आवाज फाटला, म्हणून पुन्हा घेतले. तिसऱ्यांदा कुणी विचारलेही नव्हते, तरी घेतले. शेजारच्या घरात ऐकू जाईल इतके.

तिकडून उत्तर आले, "ओळख पटली. नकार मागे घेतला. आपली शस्त्रक्रिया सोळा एप्रिलला. धन्यवाद."

रजईतून वडील म्हणाले, "झालं का गं?"

"झालं, बाबा. तारीख दिली."

ते उठून बसले आणि म्हणाले, "एवढंसं तर नाव होतं." मग दोघेही रडले आणि हसले, आणि ती उठून पिठाचा डबा काढायला गेली, आज काहीतरी तळते म्हणाली. अर्जदार दाराशी उभा होता. अहवाल कोटाच्या आतल्या खिशात, या अर्जासोबत.

सबब आता मागणी अशी :

शेरा खोडावा. ‘नकार मागे घेतला’ असे लिहू नये, कारण तो दिलाच नव्हता. ‘नकार दिला नव्हता’ असे लिहावे. शस्त्रक्रियेसाठी आता त्याचा उपयोग नाही, पण ते खरे आहे.

१६ एप्रिलची जागा अडवून ठेवू नये. यादीत तिच्याखाली कुणीतरी आहे, कुणाची तरी गाठ शिरेवरून सुटलेली आहे आणि दिवस मोजले जात आहेत. त्या माणसाला ती लगेच द्यावी. त्याने किंवा तिने नाव घेतले नाही तर पासपोर्ट पाहावा.

जागा रद्द झाली म्हणून आपल्या नियमाप्रमाणे रुग्णाला फोन जातो, असे खिडकीवरच्या बाईने सांगितले होते. तो फोन करू नये. आपल्या यंत्रातून तो शब्द तिच्या चादरीवर पडू नये. आज तिला तळू द्यावे, वडिलांना खाऊ द्यावे. उद्या सकाळी वडील झामानकुलकडे गेले, की तिला मी सांगेन.

ओमुरझाक तेमिरकानोव
कारा-बुलुन, ४ मार्च